आजीचा फोटो फक्त आधार कार्डावरच का? गावाकडच्या घरात, फोनवर, रोजचे फोटो

(रेंज कमी असेल किंवा बसमध्ये हेडफोन नसेल, तर आजचा भाग इथे वाचून काढा. बोलण्यातलं थोडं नीट करून लिहिलंय, बाकी जसंच्या तसं.)

आज एक छोटं काम सांगून सुरुवात करतो. फोनची गॅलरी उघडा आणि त्यात तुमच्या आजीचा किंवा आजोबांचा फोटो शोधा. कुणाच्या लग्नातला नको, वाढदिवसाच्या केकसमोरचा नको. रोजच्या कपड्यांत, रोजचं काही काम करताना काढलेला फोटो शोधा.

सापडला? खूप जणांना सापडणार नाही. गॅलरीत तीन-चार हजार फोटो असतात. त्यात मित्राची नवी गाडी असते, वेरूळची सहल असते, गणपतीची मिरवणूक असते, सेल्फी तर ढिगाने असतात. ज्या घरात आपण वाढलो ते घर आणि ते चालवणारी माणसं मात्र त्यात जवळजवळ नसतात. मग घरातलं कुणी गेलं की रात्री उशिरा धावपळ सुरू होते. चौकात लावायच्या फ्लेक्सला फोटो पाहिजे, भिंतीवरच्या फ्रेमला फोटो पाहिजे. शेवटी आधार कार्डावरचा घाबरलेला चेहरा मोठा करतात, नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापतात. त्या कापलेल्या फोटोत दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा राहून जातो. गावोगावी भिंतींवर अशा फ्रेमा आहेत.

म्हणून आजचा विषय असा: आपल्या जालना जिल्ह्यातल्या एखाद्या साध्या घरात, हातातल्या फोनवर, रोजच्या जगण्याचे चांगले फोटो कसे काढायचे. भोकरदन असो, परतूर असो की घनसावंगी, घर सगळीकडे साधारण तसंच. महाग फोन नको, ट्रायपॉड नको, अॅप तर नकोच नको.

पहिला फोटोच गावाकडच्या घराचा

आधी थोडी गोष्ट. कॅमेऱ्याने काढलेला आणि आजपर्यंत टिकलेला जगातला सर्वांत जुना फोटो कशाचा असेल? राजाचा? राजवाड्याचा? तो आहे गावाकडच्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या अंगणाचा.

फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स नावाचा एक माणूस होता. खेड्यातल्या आपल्या घरी तो कित्येक वर्षं खटपट करत होता. १८२६ किंवा १८२७ साली त्याने वरच्या मजल्याच्या खिडकीत कॅमेरा ठेवला. आत उजेडाने घट्ट होणारं डांबरासारखं द्रव्य लावलेला धातूचा पत्रा होता. तो किमान आठ तास तसाच ठेवला असावा असं सांगतात. काही अभ्यासक तर म्हणतात, काही दिवस लागले असतील. त्या पत्र्यावर काय उमटलं? घराच्या भिंती, छपराचा उतार, एक झाड. इतक्या वेळात सूर्य इकडून तिकडे गेला, त्यामुळे समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. आज तो पत्रा अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जपून ठेवलाय.

त्यानंतर इंग्लंडमध्ये विल्यम टॅलबटने हेच केलं. १८३५ साली त्याने घेतलेली एक छोटीशी निगेटिव्ह त्याच्या स्वतःच्या घराच्या खिडकीची आहे. पुढे १८४४ मध्ये त्याने एक फोटो काढला, तो आजही फोटोग्राफीच्या पुस्तकांत सापडतो. त्या फोटोत आहे काय? एक उघडं दार, आत अंधार आणि दाराला टेकवून ठेवलेला झाडू. बस, एवढंच.

दाराला टेकवलेला झाडू आपल्याकडे कुठल्या घरात नाही?

मग आपली घरं फोटोत का आली नाहीत?

भारतात फोटोग्राफी फार लवकर आली. मुंबईत १८५४ सालीच बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. नारायण दाजी होते. भायखळ्याच्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे हे बंधू. पेशाने डॉक्टर, फोटो काढायचे ते हौस म्हणून. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाचं प्रकाशन निघत होतं. म्हणजे हौशी फोटोग्राफीची परंपरा आपल्या महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांच्या आसपास जुनी आहे.

पण तेव्हा कॅमेरा फार महाग आणि अवजड होता. काचेच्या प्लेटा, रसायनं, अंधारी खोली एवढं सगळं ज्याला परवडे, तोच फोटो काढे. आपला जालना तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता, थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. निजामाकडे राजा दीनदयाळ नावाचे फार मोठे फोटोग्राफर होते. त्यांचे सर्वांत गाजलेले फोटो दरबाराचे, राजवाड्यांचे, शिकारीचे, पाहुण्या लाटसाहेबांचे. त्याच राज्यातल्या अंबडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या ओसरीत कॅमेरा यायचं काही कारणच नव्हतं.

पुढे स्टुडिओ आले. नवरा-बायको नवे कपडे घालून तालुक्याला जायचे. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग किंवा कारंजं. फोटोग्राफर म्हणायचा, हलू नका. मग रोलचा कॅमेरा आला, पण एका रोलमध्ये फोटो छत्तीस. विकत आणायचा, धुवून घ्यायचा, प्रिंट काढायच्या. सगळ्याला पैसे. म्हणून रोल राखून ठेवायचा लग्नाला, बारशाला. चूल पेटवणाऱ्या बाईवर छत्तीसातला एक कोण खर्च करणार?

आता रोल गेला. फोनवर फोटोला पैसे पडत नाहीत. पण सवय छत्तीसाचीच राहिली. आपण अजूनही काहीतरी ‘खास’ घडायची वाट बघतो. ही सवय मोडायची, बाकी सगळं सोपं आहे.

उजेड ओळखा: सावलीचा नियम

फोटो म्हणजे उजेडाचं काम. गावाकडच्या घरात उजेड फार सुंदर असतो, कारण तो एका बाजूने येतो. शहरातल्या खोलीत चारी बाजूंनी ट्यूबलाइट; इथे एक दार, एखादी खिडकी.

बाहेर फोटो काढायचा असेल तर एक नियम लक्षात ठेवा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल, तोवर उजेड चांगला. सावली आखूड झाली की थांबा.

कारण साधं आहे. सूर्य खाली असतो तेव्हा ऊन बाजूने येतं. भिंतीचा खडबडीतपणा, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, जमिनीवरचे बोटांचे ठसे, सगळं उठून दिसतं. सूर्य डोक्यावर आला की डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली काळी सावली पडते आणि माणूस थकलेला, रागावलेला वाटतो. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली बरोबर आपल्या उंचीएवढी असते, म्हणून ही खूण.

आता जालन्याचा हिशेब बघा. आपण साधारण १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमाराला सूर्य दुपारी आपल्या अगदी डोक्यावर येतो. त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. मेमध्ये पावणेसहाच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि नऊ वाजेपर्यंत आपला नियम संपतो. पुन्हा उजेड चांगला होतो तो दुपारी चारनंतर. डिसेंबरात मात्र गंमत होते. भर दुपारीसुद्धा सूर्य साधारण ४७ अंशांपर्यंतच चढतो. म्हणजे हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर ऊन तिरपं असतं. कापूस वेचणीचे, हुरड्याचे, उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो हिवाळ्यात सहज चांगले येतात, त्यामागे हे कारण आहे.

आणि पावसाळ्यातल्या आभाळाच्या दिवशी? तेव्हा अख्खं आभाळच पांढऱ्या पडद्यासारखं काम करतं. सावल्या मऊ होतात. चेहऱ्यांसाठी हे दिवस फार चांगले. पावसाळ्यात फोन खिशात घालून बसू नका.

कवडसा म्हणजे सूर्याचा फोटो

हा भाग मला फार आवडतो. पत्र्याला खिळ्याचं भोक असतं ना? किंवा जुन्या माळवदाच्या घरात उजेडासाठी आणि धुरासाठी वर ठेवलेलं साणं थोडं झाकलेलं असतं, तेव्हा फटीतून ऊन खाली येतं. जमिनीवर गोल कवडसा पडतो. भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोल किंवा जरासा लंबगोल. असं का?

कारण तो सूर्याचं चित्र आहे. छोट्या भोकातून येताना वरचे किरण खाली जातात, खालचे वर, आणि जमिनीवर सूर्याची प्रतिमा पडते. भोक दहा फूट उंच असेल तर कवडसा साधारण एक इंचाचा पडतो. मोसंबीच्या बागेत झाडाखाली जे गोल गोल ठिपके दिसतात तेही हेच. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात आपल्याकडे झाडाखाली चंद्रकोरीसारखे कवडसे पडले होते. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर पुन्हा खंडग्रास ग्रहण आहे. ढग नसतील तर झाडाखाली बघा. सूर्याकडे थेट बघू नका, फोनही सूर्यावर रोखू नका. जमिनीवरच्या कवडशांचा फोटो काढा.

कॅमेरा या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच खोली असा आहे. अंधारी खोली, भिंतीला बारीक भोक, आणि समोरच्या भिंतीवर बाहेरच्या गल्लीचं उलटं चित्र. दुपारी दार-खिडक्या लावून, एका फटीत छोटं भोक ठेवून करून बघा. लहान भावंडांना दाखवा. तुमच्या हातातल्या फोनमध्ये हीच खोली बसवलीय, फक्त फार लहान.

घरातल्या पाच जागा

१. दार. सगळ्यांत चांगली जागा. आजीला दाराच्या आत, उंबऱ्यापासून दोन-तीन फुटांवर बसवा, तोंड दाराकडे थोडं तिरपं. तुम्ही दाराजवळ एका बाजूला थांबा, उजेड अडवू नका. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर मऊ सावली येते. जसजसं दारापासून आत जाल तसा उजेड झपाट्याने कमी होतो, म्हणून हात-दोन हातांनी फार फरक पडतो. सावलीची बाजू फारच काळी वाटली तर त्या बाजूला पांढरं धोतर किंवा चादर धरायला सांगा. स्टीलची परातही चालते. स्टुडिओतले लोक यासाठी वेगळं साहित्य विकत घेतात.

उलटं करायचं असेल, म्हणजे माणूस दारात उभा आणि तुम्ही आत, तर चेहरा काळा येईल. तसा मुद्दाम काढा. स्क्रीनवर उजेडाच्या भागावर बोट टेकवा. डोक्यावर घागर, कमरेला कळशी अशी नुसती आकृती दिसते आणि ती छान दिसते.

२. स्वयंपाकाची जागा. आता गॅस आलाय, तरी भाकरीला, दुधाला चूल पेटते अशी घरं भरपूर. धुराचा फोटो काढायचा तर धुराच्या पाठीमागून किंवा बाजूने उजेड आला पाहिजे आणि पाठीमागची भिंत काळी पाहिजे. काजळी धरलेली भिंत असतेच. सकाळी ऊन आत येतं ती वेळ हेरून ठेवा.

भाकरी थापणारे हात वेगाने हलतात. आत उजेड कमी, म्हणून फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि हात फराटल्यासारखे येतात. दोन उपाय आहेत. एक, काठवट दाराजवळ असते तेव्हा काढा. दुसरा, हात पीठ घ्यायला किंवा भाकरी उचलायला क्षणभर थांबतात, तो क्षण पकडा. दोन-तीन भाकऱ्या नुसतं बघत बसा, लय समजते. चुलीजवळचे कपडे आणि पदर सांभाळा. फोटोसाठी कुणाला जाळाच्या जवळ सरकायला सांगू नका.

३. अंगण. सकाळी सडा पडला, रांगोळी झाली की दहा मिनिटं असतात. नंतर कोंबड्या, पोरं, मोटारसायकल. सारवलेल्या जमिनीवर हाताचे अर्धगोल फराटे असतात, ते खाली वाकून, बाजूच्या उन्हात काढा. रांगोळी, भिंतीवरची चित्रं ही रोज पुसली जाणारी कला आहे. चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकापासून गावोगावी फिरून अशा भिंती आणि अंगणं कॅमेऱ्यात जपली. त्यातलं बरंच काही आता जागेवर राहिलेलं नाही, फोटोत आहे.

उन्हाळ्यात वाळवण असतं. कुरडया, पापड, मिरच्या. माळवदावरून किंवा गच्चीवरून सरळ खाली बघून फोटो काढा. बाजेवरची पांढरी चादर, त्यावर कुरडयांच्या ओळी, कडेला राखणीला बसलेलं पोरगं. गच्चीला कठडा नसेल तर कडेला जाऊ नका. फोटो पुन्हा काढता येतो.

४. गोठा. इथे फोन गोंधळतो. कॅमेऱ्याला वाटतं की समोरचं दृश्य नेहमी मध्यम उजेडाचं असतं. म्हणून काळी म्हैस चौकट भरून असेल तर तो तिला राखाडी करतो. उपाय: म्हशीवर बोट टेकवा, बाजूला सूर्यासारखी खूण येते, ती खाली ओढा. म्हैस पुन्हा काळी होते. पांढरा बैल चौकट भरून असेल तर तो मळकट येतो, तेव्हा खूण थोडी वर. पण बैल उन्हात आणि पाठीमागे अंधारा गोठा असेल, तर बैल पांढराफटक होऊन जातो, तेव्हा खूण खाली. हे एकदा हाताला बसलं की निम्मी फोटोग्राफी आली.

जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर या. फ्लॅश नको, बिचकतात. पोळ्याला सगळेच बैलाचा फोटो काढतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग तसाच असताना गव्हाणीत वैरण खाणाऱ्या बैलाचा काढून बघा.

५. वावराची वाट. शेतातल्या कामात बायका सगळीकडे असतात. खुरपणी, वेचणी, वैरण आणणं, पाणी आणणं. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून ग्रामीण बायकांच्या कामाचे फोटो काढले, त्यांचं प्रदर्शन गावोगावी नेलं. मुद्दा हा की हे काम सगळ्यांसमोर चालतं आणि तरी कुणाला दिसत नाही. तुमच्या घरातही तपासा: गॅलरीत आईचे फोटो किती, आणि त्यातले कामाचे किती?

वेचणी करणाऱ्या बाईचा फोटो काढताना लांबून झूम करू नका. फोनचा झूम बऱ्याचदा चित्र नुसतं कापून मोठं करतो, त्यामुळे ते फाटल्यासारखं दिसतं. चार पावलं चालत जा. जवळ जाऊन ओटीतला कापूस, बोंडाने ओरखडलेली बोटं, डोक्याला बांधलेला रुमाल असं एकेक काढा. मग मागे येऊन अख्खं वावर.

फोनची सेटिंगं, थोडक्यात

फोटो काढायच्या आधी कॅमेऱ्याची काच मऊ, सुती कापडाने पुसा. खिशातल्या धुळीने आणि बोटांच्या तेलाने निम्मे फोटो धुरकट येतात. आपल्याकडे तर धूळ काही कमी नाही.

सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा. स्क्रीनवर दोन आडव्या, दोन उभ्या रेषा येतात. माणूस नेहमी बरोबर मध्ये न ठेवता एखाद्या रेषेवर ठेवून बघा. दाराची चौकट, खांब, क्षितिज सरळ आहे की नाही तेही कळतं.

ज्याचा फोटो काढताय त्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथेच अडकून राहतो. मग माणूस थोडा हलला तरी फोन गडबडत नाही.

अंधारात कोपर खांबाला टेकवा, श्वास धरा, आवाजाच्या बटणाने फोटो काढा. ब्युटी मोड बंद ठेवा. आजोबांच्या सुरकुत्या पुसून त्यांना मेणाचे करायचे नाही.

सुंदर तेवढंच नको

गावाचे फोटो म्हटलं की आपण बैलगाडी, जातं, कंदील शोधायला लागतो. ते असेल तर जरूर काढा. पण घर आज जसं आहे तसंही काढा. अंगणातले पाण्याचे निळे ड्रम कापून टाकू नका. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा लागलेली घागरींची रांग हा आपल्या घरांचा खरा इतिहास आहे. छपरावरची डिश, चार्जिंगला लावलेला फोन, भिंतीवर लिहिलेले मोबाइल नंबर, दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर, खुंटीला लटकलेली शाळेची बॅग. पंचवीस वर्षांनी हेच बघून लोक म्हणतील, अरे हे असं होतं!

जुनी माळवदं उतरून तिथे स्लॅब पडतायत. त्यात वाईट काही नाही. गळणाऱ्या, विंचू पडणाऱ्या छपराखाली राहणाऱ्यालाच विचारा. पण उतरवायच्या आधी एक दिवस घ्या. तुळई, कोनाडे, खुंट्या, उतरंड, देवळी सगळं एकेक करून टिपून ठेवा. उतरवलेलं घर परत बघता येत नाही.

माणसाला विचारा

आपलीच माणसं आहेत म्हणून न विचारता काढायचे नाहीत. तीन पायऱ्या ठेवा: विचारा, काढा, दाखवा. स्क्रीनवर स्वतःला बघून आजी म्हणाली, “आगं बाई, हा नको,” तर तिच्यासमोर काढून टाका. पुढच्या वेळी ती स्वतः बसेल.

आणि स्टेटसला लावायचं ही दुसरी परवानगी आहे. आईने घरासाठी फोटो काढू दिला म्हणजे तो इन्स्टाग्रामवर चालेल असं नाही. बहिणीचा, वहिनीचा, शेजारच्या काकूंचा तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. लहान मुलांचे अंघोळीचे, रडतानाचे फोटो कुठेच टाकू नका. बाहेर टाकताना लोकेशन बंद ठेवा.

म्हातारी माणसं कॅमेरा बघितला की ताठ होतात, कारण त्यांच्यासाठी फोटो म्हणजे स्टुडिओ नाहीतर सरकारी काम. त्यांना “हसा” म्हणू नका. काहीतरी विचारा. “उतरंडीच्या सगळ्यांत खालच्या गाडग्यात काय ठेवायचे?” “हा कोनाडा कशासाठी?” बोलायला लागल्या की हात हलतात, डोळे हलतात आणि खरा चेहरा येतो. तेव्हा फोटो काढा. त्याच वेळी रेकॉर्डर चालू ठेवला तर उत्तम, त्यांचे शब्दही राहतील. पण रेकॉर्ड करतोय हेही सांगा.

ठेवायचे कसे

फोन हरवतो, पाण्यात पडतो, मेमरी भरते. म्हणून चार गोष्टी.

पहिली: व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो लहान होतो आणि कधी काढला ही माहितीही निघून जाते. चांगला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरी: गुगल फोटोजवर १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट जागा मिळत नाही. जीमेल आणि ड्राइव्ह धरून सगळी मिळून १५ जीबी. म्हणून रोज रात्री दोन मिनिटं बसून नको ते उडवा. चाळीसपैकी दोन ठेवा. शिवाय एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा भावाच्या कॉम्प्युटरवर.

तिसरी: फोटोखाली माहिती लिहा. कोण, काय करतंय, कुठे, कधी. नाव, नातं, वावराचं नाव. तुम्हाला आज ते सगळं पाठ आहे, पण तुमच्या मुलांना ते कोण सांगणार?

चौथी: प्रिंट काढा. चार बाय सहा इंचाच्या चांगल्या प्रिंटला साधारण दोन मेगापिक्सेल पुरतात. आजचा कुठलाही फोन त्याहून कितीतरी जास्त देतो. तालुक्याच्या स्टुडिओत वर्षाला दहा फोटो छापा, मागे पेनने नाव-तारीख लिहा आणि डब्यात ठेवा. त्याला पासवर्ड लागत नाही, चार्जिंग लागत नाही. आजी तो स्वतः हातात घेऊन चष्मा लावून बघू शकते.

या आठवड्याचं काम

सात दिवस, सात फोटो. रोज एकच ठेवायचा.

सोमवार: दाराच्या उजेडात घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचा चेहरा.
मंगळवार: फक्त हात, काम करणारे.
बुधवार: कवडसा किंवा सावली.
गुरुवार: एखादी वस्तू, जिचं नाव तुम्हाला घरातल्यांना विचारावं लागलं.
शुक्रवार: जनावर, त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून.
शनिवार: आई, काम करताना, तिला विचारून.
रविवार: अख्खं घर समोरून, जसं आहे तसं, ड्रमासकट.

प्रत्येकाखाली एक ओळ लिहा. यातला शनिवारचा फोटो कुणी टाळू नका. आणि सात झाले की फोन आईच्या हातात द्या आणि तिला म्हणा, आता तू एक काढ. तिला घरातलं काय काढावंसं वाटतं ते बघा.

आजच्या भागात एवढंच. पुढच्या भागात याच फोनवर आवाज नीट कसा रेकॉर्ड करायचा ते बघू, म्हणजे आजीच्या फोटोसोबत तिच्या ओव्याही राहतील. तोवर काच पुसून ठेवा. भेटू!